चार स्पेलिंगांचं गाव

तिसऱ्या गेटला मालगाडी अडवते तेव्हा
मी गाडी बंद करून मोबाइल काढते
आणि बघते, लीड्सच्या नळदुरुस्तीवाल्याचं काय झालं.
काल सातवा होता. आज तेरावा.
म्हणजे पहिल्या पानाबाहेर. म्हणजे नाहीच.
गेटकडचा शेंगावाला माझं तोंड बघून विचारतो,
"काय झालं गे?"
"गिऱ्हाईक घसरलं, काका."
"लागलं काय त्याला?"

घरीही नीट सांगता आलं नाही कधी.
आईचा माग वडगावात अजून खडखडतो,
पाहुण्यांना ती म्हणते, "कंप्युटरवर काय की शोधूलीया, वर्षं झाली सात."
शोधत नाही गे आई.
शोधणारा ज्या वाटेनं येणार
तिथं कुणाला तरी आधीच नेऊन उभं करते.
आई म्हणते, बरं. आणि धोटा परत फेकते.

सुरुवात इरण्णा अंगडींच्या पंपांनी झाली.
उद्यमबागेतली पत्र्याची शेड,
साडेसहा हजार पगार, दुपारचा चहा वेगळा.
पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कागद दाखवला:
गावाची स्पेलिंगं चार.
इंग्रजीतलं जुनं, इंग्रजीतलं नवं,
कानडी एक, आपलं एक,
आणि प्रत्येकापुढं आकडा,
महिन्याला किती जण तसं लिहून पंप शोधतात.
इरण्णा बराच वेळ बघत बसले.
ह्याच नावापायी त्यांच्या पाटीला दोनदा काळं लागलेलं,
एकदा ह्यांनी, एकदा त्यांनी.
इथं चौघं एका रकान्यात, एकाखाली एक,
कुणाला शाई नाही.
"एल्ला हाकव्वा," ते म्हणाले,
सगळी घाल. मोटर विकायची आहे आपल्याला.

मग मला लोकांचं लिहिणं वाचायची सवय लागली.
मोटर गुणगुणते पण फिरत नाही:
एकशे दहा जण, दर महिना, हेच शब्द.
मी वाइंडिंगवाल्या दस्तगीरचाचांपाशी गेले.
ते तांब्याची तार दातात धरून बोलले,
"कपॅसिटर गेला असणार. हातानं एक गिरकी दे,
फिरली तर तोच. पण आधी मेन बंद कर, पोरी,
मग परत चालू करून बघ."
मी लिहून घेतलं, उपशीर्षकं दिली, चढवलं.
लेखक: ॲडमिन.
चार वर्षं तो ॲडमिन पहिला होता.

त्यानंतर मी पुष्कळांना वर नेलं.
गोव्यातले व्हिला, पुण्यातले दात,
एक मेलबर्नचा माणूस जो फक्त कुंपणं रंगवतो.
पगारात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
इंटरव्ह्यूत कुणी विचारलं, कुठून बोलताय,
तर समोरच्याच्या तोंडात बसेल ते स्पेलिंग द्यायला शिकले.

मार्चमध्ये गुगलनं पुन्हा काहीतरी हलवलं.
एका रात्रीत निम्म्या ओळी लाल.
इरण्णांचा तो लेखही गेला, चौतिसावा.
आता म्हणे मशीनला माणूस लागतो,
ज्यानं खरंच हातानं केलंय असा,
नाव, फोटो, अनुभव किती वर्षांचा.
सगळे तज्ज्ञ हे नवीन सांगतात तसं सांगत होते.

मी शेडमध्ये गेले.
चाचांनी तोंड धुतलं, केस ओले करून मागं वळवले,
फोटोत हात लपवत होते, काळे म्हणून.
म्हटलं, हातच पाहिजेत.
मग नाव लिहायची वेळ आली.
"आधारवर एक आहे, रेशनवर दुसरं,
बँकवाल्यानं तिसरंच केलंय.
तुझ्या त्या आकड्यात बघ की,
लोक कुठलं जास्त शोधतात."

मी बघितलं.
तिन्हींपुढं शून्य.

"काय म्हणतंय?"
"थांबा चाचा. लोड होऊलंय."

त्या रात्री घरी, माग बंद झाल्यावर,
मी तिन्ही एकेकदा टाईप केली.
सावकाश. काना, वेलांटी बघून.